काचेखालचं झाड

आई, काचेचं छप्पर मी स्वतः केलं. सीडरच्या लाकडाची चौकट, बाजू उघड्या, म्हणजे वारा लागतो, पण इथला हिवाळाभर झिमझिमणारा पाऊस झाडावर पडत नाही. वाळूचा वाफा मी केला, खडी मी चाळली, मातीची कुंडीसुद्धा मीच घडवली. चार तडकल्या, मग एक जमली. पाणी कुंडीत घालायचं नाही, भोवतीच्या वाळूत घालायचं, कुंडी हवं तेवढं ओढून घेते. हे मला कुणी शिकवलं नाही. ऑफिसातला एक मित्र बघून म्हणाला, "यार, एवढ्या खटपटीत कोथिंबीर लावली असतीस तर चटणी तरी झाली असती."

झाड मुठीएवढं, हिरव्या उशीसारखं. उंच डोंगरावरच्या ज्या एकाच कड्यावर ते उगवायचं तो कडाच ढासळला. त्याआधी आमच्या डोंगरी झाडं वाढवणाऱ्यांच्या क्लबाने आणलेल्या बियांतून दोनच रोपं जगली. एक इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत माझ्याकडे, दुसरं चार तासांवर राहणाऱ्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. फांद्या लावून पाहिल्या, कुजल्या. आणि एकट्या झाडाला बी धरत नाही, दुसऱ्याचे पराग लागतात.

तुझी पिवळी शेवंती आठवते. तू आळीभर तिचे फुटवे वाटायचीस आणि मी चिडायचो, की मग आपल्या दारातल्या शेवंतीचं कौतुक ते काय राहिलं? तू पोळी लाटते आहेस, मान वर करत नाहीस. "अरे, आपली मेली तर आणायची कुठून?" पुढच्या वर्षी शेळीने ती मुळासकट ओरबाडली, आणि तू मलाच समोरच्या काकूंकडे फुटवा मागायला पाठवलंस.

यंदाच्या उन्हाळ्यात बाईंचं झाड होरपळून गेलं. त्यांनी फोनवर सांगितलं आणि विचारलं, "तुझं बरं आहे ना?" मी हो म्हणालो. बरं नाही, आई. एका बाजूने तपकिरी पडत चाललंय. रोज सकाळी भिंग घेऊन बघतो आणि हात लावायची हिंमत होत नाही.

तू जाऊन इतकी वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहितो. वसंतात, कळ्या धरल्या तेव्हाही बाईंचा फोन आला होता. झाड त्यांच्याकडे का नेत नाही, तर त्या पाणी जास्त घालतील, असं मी घरी सांगितलं. त्या पाणी नीट घालतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कुंडी घेऊन ये, दोन आठवडे दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, म्हणजे बी धरेल. वर पेट्रोलचे चाळीस डॉलर देणार होत्या. मी नको म्हणालो.