बिनधुराच्या चुलीच्या तीनशे बारा पट्ट्या

मु. तांडा, घाटंजीजवळ
ता. १९ फेब्रुवारी १९६१

श्रीयुत धरमसिंग जवाईबापू यांना देवसिंगचा दोन्ही हात जोडून रामराम.

सेवाभायाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्याकडची कपाशीची शेवटची वेचणी उरकली असेल, तांबडा बैल आता लंगडत नसेल आणि तुमच्या मातोश्री भुरीबाई यांचे गुडघे थंडी सरल्यामुळे कुरकुरत नसतील, अशी आशा करतो. भुरीबाईंना माझा सर्वांच्या आधी नमस्कार सांगावा. (हे वाक्य जरा मोठ्याने वाचा.) माझी बहीण जमनी तुमच्या घरात सुखात असणारच, त्याबद्दल विचारत नाही. माझं पत्र आलं की तुम्ही ओसरीवर बसून खणखणीत आवाजात वाचता आणि निम्मा तांडा ऐकायला जमतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षर स्वच्छ काढतो आहे.

डिसेंबरात मी खांद्याला खाकी पिशवी लावून तुमच्या मुकुटबनकडे आलो होतो, ते सगळ्यांना आठवत असेल. बंजाऱ्याचा पोरगा, बी.ए. झालेला, आणि करतो काय, तर दारोदार फिरून बायांना चुलीबद्दल विचारतो, म्हणून तुमच्या तांड्याच्या नायकांनी माझ्या नावाने कपाळाला हात लावला होता. पुन्हा एकदा खुलासा करतो. सरकारच्या ब्लॉकवाल्यांनी दोन वर्षांमागे तांड्या-तांड्यांत बिनधुराच्या चुली घालून दिल्या. पत्र्याचं धुराडं छपराबाहेर, दोन तोंडं, धूर म्हणून घरात नाही. आणि आता त्या चुली बहुतेक घरांत थंड पडल्या आहेत. आमच्या तांड्यात एका घरी त्यात कोंबडी अंडी घालते आणि गुलाबसिंगने धुराडं काढून त्याचा पत्रा गाडीला ठोकला आहे. हे असं का झालं, ते शोधायला नागपूरच्या ग्रामजीवन मंडळाने मला सहा महिन्यांसाठी नेमलं. चाळीस घरं, चाळीस बाया, दारावर खडूने आकडा टाकायचा, चुलीबद्दल बोलतं करायचं आणि बोललेलं लिहून आणायचं. (तुमच्या घरची चूल उत्तम स्थितीत असल्याची नोंद मी केली आहे, हे भुरीबाईंना कळावं.)

लिहून आणणं सोपं होतं. लिहून आणलेल्याचं करायचं काय, हे शिकताना माझे केस पिकायची वेळ आली.

पहिल्यांदा मी मोजलं. चाळीसपैकी चाळीस बाया म्हणतात, चूल चांगली आहे. शंभर टक्के! लाल शाईने आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि वह्यांसकट नागपूरला पाठवून दिला. आठ दिवसांनी मंडळाच्या पांढरीपांडे सरांचं कार्ड आलं. (माणूस भला आहे, पण कार्डावर सुईच्या टोकाने लिहितो.) त्यात दोनच प्रश्न होते. चूल इतकी चांगली आहे तर तीत कोंबडी का बसते? आणि या चाळीसही बाया एकाच शाळेत एकाच मास्तरांकडे शिकल्या काय?

जवाईबापू, त्या दुसऱ्या प्रश्नाने मी जमिनीत गेलो. कारण ते मास्तर म्हणजे मीच. आमच्या बिजलीबाईचंच घ्या. ती बोलली ती आपल्या गोरबोलीत, मी इथे निदान वऱ्हाडीत देतो : "चूल का उरावर घ्याची हाये? लंबं लाकूड आत जात नाही, तोडाले मानूस पाह्यजे, अन् मानूस त थो पाहा, पारावर तंबाखू मळून राह्यला." आणि नागपूरला पाठवलेल्या शाईच्या वहीत मी काय लिहिलं? "इंधनाच्या लांबीबाबत किंचित अडचण संभवते." झालं! लाकूडही गेलं, नवराही गेला, त्याची तंबाखूही गेली. चाळीसही बायांचं मी असंच केलं होतं. शाळेत बोलीतला एक शब्द तोंडातून निसटला की मास्तर छडी द्यायचे आणि वर्ग हसायचा. माझ्या आया-बहिणींना नागपुरात कुणी हसू नये, म्हणून मी त्यांना धुतलेल्या कपड्यांत पाठवलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

पण मी काही पळून जाणारा नव्हे. पेन्सिलीची कच्ची वही माझ्याजवळ होती, तीत घाईघाईने बायांचे खरे शब्द खरडलेले होते. जिथे तेही नव्हते अशा अकरा घरी मी पुन्हा पायी गेलो. (बिजलीबाई म्हणाली, "तुले आयकू येत नाही का रे?" मी म्हटलं, पहिल्या वेळी आलं नव्हतं.) मग सरांनी कळवलेली पद्धत धरली. प्रत्येक बाईचं प्रत्येक बोलणं वेगळ्या पट्टीवर उतरवायचं, पट्टीवर नाव नाही, फक्त घराचा आकडा. सगळ्या पट्ट्या पुन्हा पुन्हा वाचायच्या, जिचं जिच्याशी जमतं तिला तिच्याजवळ ठेवायचं आणि ढिगाला नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. घाटंजीच्या बाजारात गुलाम नबी शिंप्याने कागदाचे ताव त्याच्या मोठ्या कात्रीने सरळ कापून दिले. कापून झाल्यावर विचारतो, "भाई, अब ये सिलना किधर से है?" मलाही तेच कळत नव्हतं.

तीनशे बारा पट्ट्या झाल्या. बाजेवर मांडल्या की वारा सुटायचा, घरात मांडल्या की शेळी शिरायची. मी ढीग केले लाकडाचा, भाकरीचा, थंडीचा, बियाण्याचा. (धुरावर टांगलेल्या मक्याच्या कणसांना किडा लागत नाही, बिनधुराच्या चुलीवर लागतो. हे आपल्याकडे शेंबडं पोर सांगेल, ब्लॉकवाल्यांना कुणी सांगितलं नाही.) पण एकच बाई एका पट्टीत चूल चांगली म्हणते आणि दुसऱ्या पट्टीत तिला शिव्या घालते. ती कुठे ठेवू? चार दिवस मी त्या पट्ट्यांकडे आणि पट्ट्या माझ्याकडे बघत बसलो.

पाचव्या दिवशी आमची याडी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, वाचून दाखव. (मानीबाईंना, म्हणजे माझ्या आईला, अक्षर येत नाही, हे तुम्ही जाणताच.) मी पहिली पट्टी वाचली. तिने विचारलं, "हे बोलली तवा तिची सासू कुठी होती?" मी म्हटलं, याडी, सासू कुठे बसली होती हे विचारायचा नियम नाही. ती म्हणाली, "मंग तुये नियम चुलीत घाल." आणि सूप बाजूला ठेवून ती बाजेशी बसली.

दोन दिवस मी वाचत होतो, सासू कुठे होती ते आठवून सांगत होतो आणि ती पट्ट्या लावत होती. तिचे ढीग दोनच. सासू जवळ बसलेली असतानाचं बोलणं एकीकडे, बाई एकटी असतानाचं दुसरीकडे. (नवरा हजर असलेल्या पट्ट्या तिने सासूच्या ढिगात टाकल्या. मी कारण विचारलं, तिने पुढची पट्टी मागितली.) झाले ढीग आणि मी डोक्याला हात लावला. पहिल्या ढिगात एकच वाक्य पुन्हा पुन्हा : चूल चांगली हाये, सरकारनं देल्ली. आणि दुसऱ्या ढिगात लाकूड, किडा, न फुगणारी भाकर, पहाटेची थंडी, सगळं खरं. मी जे शंभर टक्के मोजलं होतं, ती चुलीबद्दलची मतं नव्हतीच, ती सासूची हजेरी होती.

सरांना कळवलं. उलट टपाली कार्ड आलं : "याला विश्लेषण म्हणतात. आईंना माझा नमस्कार. महिनाअखेर अहवाल पाठवा, म्हणजे पुढच्या वर्षाचं काम तुमच्याकडेच राहील." आता अडलं आहे ते एवढ्यावर की मोजल्या तर पट्ट्या तीनशे अकराच भरतात. एक गेली. शेळीचं तोंड उघडून पाहिलं, गोधड्या झटकल्या, कोंबडीला उठवून अंडी तपासली. एका पट्टीने काय होतं, असं लोक म्हणतात. पण तिच्यावाचून अहवाल पाठवायचा नाही, हे मी ठरवलं आहे, आणि मी ठरवलं की काय होतं ते तुम्ही लग्नात पाहिलंच आहे.

भुरीबाईंना पुन्हा नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला
देवसिंग

(पत्र इथे संपलं. ओसरीवरची मंडळी आता उठली तरी चालेल.)

ता. क. १ : जवाईबापू, पुढचं शेतात जाऊन एकट्याने वाचा. वरचं सगळं पत्र याडीच्या पहिल्या ढिगातलं आहे. तुमच्या चुलीत डिसेंबरातही कोंबडीच बसली होती.

ता. क. २ : पट्टी सापडली आहे. वाचता वाचता मी ती याडीच्या हातात दिली, तेव्हा ती कोणत्याच ढिगात न ठेवता तिने ओढणीच्या गाठीत बांधली. अजून सोडत नाही. कोण बोललं ते सांगायचं नाही असा सरांचा कडक नियम आहे, म्हणून नाव सांगत नाही. आकडा सत्तावीस. तुमच्या दारावर बघा, भुरीबाईंनी पुसला नसेल तर.

ता. क. ३ : नियम मोडतो. मला पोचवायला जमनी नाल्यापर्यंत आली होती. तिथे म्हणाली, "दादा, धूरच बरा होता. धुरात डोये पुसले त कोनी इचारत नाही काहून पुसते म्हनून." आणि जवाईबापू, मी, तिचा सख्खा भाऊ, रात्री शाईच्या वहीत लिहिलं : "जुनी चूल अधिक सोयीची वाटते." दोन महिने तिचं वाक्य पेन्सिलीच्या वहीत माझ्याच अक्षरात माझ्याजवळ होतं आणि मला काही कळलं नाही. याची मला फार शरम वाटते. तुम्ही माणूस वाईट नाही. पहाटे शेतात जाता, दिवेलागणीला येता, तुम्हाला दिसलं नसेल. आता बघा. तुमच्या मातोश्रींशी भांडा असं मी म्हणत नाही, पण जमनीला एकदा विचारा, आणि त्या जवळ नसताना विचारा.

ता. क. ४ : येत्या शुक्रवारी मी तिला न्यायला येतो आहे, एक महिन्यासाठी. ओसरीवर सांगा की घाटंजीला बिनधुराच्या चुलीचं सरकारी शिक्षण आहे आणि घरटी एक सून पाठवण्याचा हुकूम आहे. असं कुठलंही शिक्षण नाही. सरांना कळलं तर माझं पुढच्या वर्षाचं काम गेलं, पण मी येणार म्हणजे येणार. जमनीला मात्र खरं सांगा. तिला म्हणावं, आपल्या घरी याडीची जुनीच चूल आहे, आणि याडीने कालपासून मुद्दाम ओली लाकडं आणून ठेवली आहेत.