पोच घेतली नाही

८ फेब्रुवारी, शनिवार

विहारातलं आमचं अर्ज-तक्रारींच्या मदतीचं टेबल, दहा ते एक. गर्दी. पंखा बंदच. लोकांना सांगायचं की तक्रार लेखी द्या, आणि आमचा पंखा दोन महिने तोंडी तक्रारीवर.

एकीचं मीटर बंद, तरी बिल अंदाजाने येतंय. अर्ज लिहून दिला. दुसरीच्या दारात कर्जाचा वसुलीवाला येतो आणि शेजाऱ्यांदेखत वाट्टेल ते बोलतो. तिला म्हटलं, ओळखपत्र माग, मोबाइलवर रेकॉर्ड कर. ती म्हणाली, "ताई, मला भीती वाटते." मी म्हटलं, वाटू दे, तरी माग. जरा जास्तच कडक बोलले.

फिलोमिनाबाई मुलुंडहून येतात. शाळेतून रिटायर झाल्या, खडू काही सुटला नाही. फळ्यावर परत लिहिलं: मूळ कागद देऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको. पोच घ्या. एकाने विचारलं, पोच म्हणजे? आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का, तारीख, सही. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की आता तोंड आपोआप चालतं.

शेवटी शेवंतीकाकी. पुनर्विकासाच्या यादीत तिच्या नावापुढे 'अपात्र'. म्हणजे गल्ली पाडली की सगळ्यांना बिल्डिंगमध्ये खोली आणि काकीला रस्ता. कारण काय, तर जुने सगळे कागद नवऱ्याच्या नावावर, आणि मतदारयादीतला घर नंबर वेगळा. अरे, नंबर पालिकेनेच बदलले ना मधे. पूर्ण गल्लीचे बदलले. बाकीच्यांनी तेव्हा दुरुस्ती करून घेतली. काकीचा नवरा त्याच वर्षी गेला, तिला कुठलं सुचायला.

हरकत नोंदवायची शेवटची तारीख गुरुवार, १३. मतदारयादीचा जुना उतारा अजून हातात नाही. तो आल्याशिवाय हरकत लंगडी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उतारा काल संध्याकाळी मिळाला. आज शाळेत अर्धी रजा टाकली. हेडबाईंनी तोंड वाकडं केलं.

हरकत अर्ज, सोबत रेशनकार्ड, लाइट बिलं, दोन्ही नंबरचे उतारे, नवऱ्याचा मृत्यूदाखला. सगळ्याच्या झेरॉक्स, दोन संच. पावणेदोनला खिडकीशी. खिडकीवर प्रकाशभाऊ. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत, तिच्या जातीच्या दाखल्याचं काम मीच करून दिलं होतं. "जय भीम ताई, या या." शिक्का साहेबांच्या केबिनमध्ये, साहेब जेवायला. "तुम्ही कशाला उन्हात थांबता? द्या इकडे. मी आजच्या तारखेत घेतो. तुमची प्रत शिक्का मारून ठेवतो, सवडीने न्या."

मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही. दोन्ही संच दिले. चहा पाजला त्यांनी.

परत येताना काकीच्या दारात गेले. "दिला गं अर्ज." ती म्हणाली, "तू केलंस म्हणजे होतला." कुळथाची पिठी डब्यात घालून दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शिक्क्याची प्रत आणायला जायचं राहिलं. शाळेत तपासणी चालू आहे. प्रकाशभाऊंचा फोन लागत नाही. शनिवारनंतर जाईन.

१ मार्च, शनिवार

गल्लीतल्या तिघांना सुनावणीचं पत्र आलं. तिघांचेही अर्ज मीच लिहिलेले. पत्रं घेऊन टेबलावर आले, पेढे घेऊन. मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही, पेढे कसले?

काकी मागे उभी. "माजा कागद इलो नाय?" म्हटलं येईल, एका दिवशी सगळी येत नाहीत. वीस तारखेपासून रोज ठरवत होते, जाऊन प्रत आणू.

४ मार्च, मंगळवार

ऑफिसला गेले. खिडकीवर नवीन मुलगी. प्रकाशभाऊंची बदली झाली, सतरा तारखेला. आवक रजिस्टर बघू दे म्हटलं. आधी नाही म्हणाली, मग बघू दिलं. चांगली आहे बिचारी. १३ तारखेचं पान. बोट ठेवून तीनदा वाचलं. शेवंती नाव नाही. १४ ला नाही. १५ ला नाही.

तिने विचारलं, "मॅडम, तुमची पोच दाखवा ना."

काय दाखवू.

५ मार्च, बुधवार

प्रकाशभाऊंचा नंबर त्यांच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेकडून घेतला. फोन लागला. "ताई, त्या दिवशी किती कागद होते माहितेय? मी पुढे टेबलावर ठेवले असणार." ठेवले असणार. मी म्हटलं, आठवा. ते म्हणाले, "आठवत नाही हो, खरंच." आवाज पडला होता त्यांचा. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. त्याने काकीला काय फरक पडतो.

मीच शिकवते, मीच ओरडते. मागच्या वर्षी एका बाईला पोच घेतली नाही म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. रडली होती ती. आणि मी भिडेपोटी गप्प बसले, एक कप चहा पिऊन घरी आले. लाज वाटते. हे इथे लिहिताना पण वाटते.

८ मार्च, शनिवार

टेबल. आज महिला दिन म्हणून बाहेर मंडप, गाणी, कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. एक नवीन जोडपं आलं, घरमालक डिपॉझिट देत नाही. नोटीस कशी लिहायची ते सांगितलं. शेवटी सवयीने तोंडातून निघालं, "पोच घ्या बरं का." फळ्याकडे बघवेना.

काकी होती. आज सुट्टीचा दिवस असल्यासारखी नेसून आली होती. "आता येतला मा कागद?" मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी.

९ मार्च, रविवार

फिलोमिनाबाईंकडे मुलुंडला गेले. त्या चर्चमधून नुकत्या आलेल्या, मासे साफ करत होत्या. सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, जाऊ दे, माणूस आहे, होतं. नाही म्हणाल्या तसं. मासे धुऊन झाले, हात पुसले, मग म्हणाल्या, "काकीला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलीस? आधी तिच्याकडे जा."

उपाय एकच. उशीर माफ करून हरकत ऐकावी असा अर्ज, आणि उशिराचं कारण प्रतिज्ञापत्रावर. कारण म्हणजे मी. माझ्या नावाने, माझ्या सहीने, की अर्ज मी दिला आणि पोच घेतली नाही. बाई म्हणाल्या, बिल्डरची माणसं हा कागद गल्लीभर दाखवतील, टेबल बंद पाडायला बघतील. "तरीपण करायचं." मला टेबलाची भीती नाही वाटली. काकीच्या तोंडाची वाटली.

११ मार्च, मंगळवार

सांगितलं.

दुपारी शाळा सुटल्यावर गेले. ती तांदूळ निवडत होती. मी बसले, पाणी प्यायले, सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला ठेवलं. मग:

"कित्याक सांगूक नाय तेवाच?"

मी म्हटलं, वाटलं सापडेल. वाटलं तुला उगाच घोर.

"एक महिनो तू माका होय होय म्हणत रवलंस."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझी आई आजारी होती तेव्हा ही बाई रोज सकाळी येऊन तिचे केस विंचरायची, मी शाळेत असायचे म्हणून. ते आठवलं आणि तिथेच रडू आलं. तिने पदर दिला नाही, हात लावला नाही. तांदूळ परत पुढ्यात ओढले. मी उठून आले.

१५ मार्च, शनिवार

काकी टेबलावर आली नाही. शेजारणीकडून निरोप, माझे कागद परत दे.

टेबल संपल्यावर फाइल घेऊन गेले. मूळ कागद सगळे माझ्याकडे सुरक्षित होते, निदान तेवढं केलं. एकेक काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही, पण कुठला कागद कुठला ते रंगावरून, घडीवरून ओळखते. सगळे बघून झाले. मग फळीवरून एक वही काढली, वाण्याच्या हिशेबाची, मागचं पान उघडून पुढे केलं.

"हय सही कर. कागद दिलंस म्हणान. तारीख घाल."

घातली. तिचं बरोबर होतं. मीच तर शिकवलं गल्लीला. पण तिने माझ्याकडून कधी मागितली नव्हती.

दारातून वळून म्हटलं, काकी, एक अर्ज अजून करता येतो, उशीर माफीचा, तुझा अंगठा लागेल. तिने वही फळीवर ठेवली. मी निघाले.

१७ मार्च, सोमवार

शेजारीण शाळेत आली. काकी म्हणाली आहे, अर्ज कर. कागद ऑफिसात तूच दे, पण ती सोबत येणार.

१९ मार्च, बुधवार

गेलो दोघी. प्रतिज्ञापत्र मी मराठीत लिहिलं, कोणाकडून लिहून घेतलं नाही. "...अर्जदार निरक्षर व वृद्ध असून त्यांनी सर्व कागद मुदतीत माझ्याकडे दिले. मी अर्ज मुदतीत खिडकीवर दिला, परंतु त्याची पोच घेतली नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे. माझ्या चुकीची शिक्षा अर्जदारास होऊ नये." वकील असता तर म्हणाला असता, सर्वस्वी कशाला लिहिता? राहू दे.

खिडकीवर काकी माझ्या पुढे उभी. मुलीने प्रतीवर शिक्का मारला. काकीने प्रत घेतली, शाई वाळेपर्यंत हातात धरून ठेवली, मग ब्लाउजमध्ये. मला दिली नाही.

२२ मार्च, शनिवार

बाई म्हणाल्या तसंच झालं. प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स गल्लीत फिरतेय, कोणी काढली कोण जाणे. नाक्यावर एकजण म्हणाला, "काय ताई, पोच घेतली का?" हसले सगळे. टेबलावर फक्त चारजण. मी आज सगळ्यांना माझीच गोष्ट सांगितली, नाव न लपवता. वसुलीवाला जिच्या दारात यायचा त्या बाईने ऐकून घेतलं. तिने ओळखपत्र मागितलं म्हणे, तेव्हापासून तो आला नाही. बरं वाटलं, पण तेही पूर्ण नाही.

२ एप्रिल, बुधवार

सुनावणी. अकराची वेळ, नंबर आला सव्वातीनला. काकीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बिस्किटं पुढे केली, घेतली नाहीत. दोन वाजता घेतली.

साहेब वयाने मोठे, घाईत. प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लोकांना कायदा शिकवता?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. मग काकीला विचारलं, "आजी, या तुमच्या कोण?"

आधी कोणी विचारलं की म्हणायची, माजा चेडूच ता. माझी मुलगीच. मी उगाच वाट बघत राहिले.

काकी म्हणाली, "अर्ज लिवन देता ती."

साहेबांनी कागद उलटसुलट केले. घर नंबर बदलल्याचा उतारा दोनदा बघितला, ते मला दिसलं. म्हणाले, आदेश राखून ठेवतो, पोस्टाने येईल. कधी ते सांगितलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

गल्ली रिकामी होतेय. पात्र लोकांना भाड्याचे चेक मिळाले. टेम्पो लागले आहेत. रिकाम्या खोल्यांचे दरवाजे, पत्रे लगेच काढून नेतात, परत कोणी राहायला येऊ नये म्हणून. काकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उघड्या पडल्या. मीटर कापायला आले होते, तिने वहीत बांधून ठेवलेली बिलं दाखवली, सगळी भरलेली. गेले परत. या महिन्याच्या शेवटी तिची खोलीही. आदेश आधी आला तर ठीक.

टेबल करून दुपारी गेले. एक गोष्ट विचारायचीच होती. आदेश पोस्टाने येणार, अर्जावर पत्ता याच खोलीचा. खोलीच नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवेल, आणि पुढे अपील करायचं तर त्याची मुदतही पत्राच्या तारखेपासून. पत्ता बदलायचा अर्ज द्यायला हवा. तिच्या मुलीचा सावंतवाडीचा पत्ता टाकू का? काकी म्हणाली, तिथे पत्र जाईपर्यंत सगळं संपेल, आणि जावयाच्या घरचं काही खरं नाही. शेजारीण नालासोपाऱ्याला गेली. फिलोमिनाबाईंना ती नीट ओळखत नाही.

माझं नाव मी कुठल्या तोंडाने सुचवणार.

त्या उघड्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "तुझोच पत्तो टाक."

मी म्हटलं, माझा?

"दुसऱ्या कोणाचो टाकतलंस?"

८ एप्रिल, मंगळवार

पत्ता बदलाचा अर्ज दिला. काकीला सोबत नेलं. पोच तिच्याकडे.

१२ एप्रिल, शनिवार

टेबल. नऊजण. पंखा चालू झाला, बाईंनी लेखी दिलं होतं.

पोस्टमन आमच्या बिल्डिंगला साडेअकराच्या सुमारास येतो. टेबलामुळे मी नसते, म्हणून ह्यांना घरी बसवून ठेवलं होतं. एक वाजता फोन केला. बँकेचं एक पाकीट होतं, दुसरं काही नाही.

काकी विहाराच्या पायरीवर बसली होती. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने हातातली पिशवी उचलली आणि गेली.