वाचवता येण्यासारखी दाढ

मुलुंड पूर्व,
२९ जुलै २०२४

ती. दादास,
क्षमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाच. तू उभा राहिलास की भाषण सुरू होतं.

माझी डावीकडची खालची दाढ आतून किडली आहे. गाल सुजलाय, तोंड नीट उघडत नाही. फोनवर बोललं की सासूबाई बाहेरच्या खोलीतून हुंकार देतात, म्हणून लिहिते आहे.

स्टेशनजवळ डॉ. प्रांजल म्हणून एक तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी एक्स-रे दाखवला. मुळाशी पू धरलाय, पण आत्ताच रूट कॅनल केलं तर दाढ वाचेल, उशीर केला तर नाही, असं म्हणाल्या. घरी सांगितलं तर सुबोध म्हणाले, मागची तर आहे, हसताना कोणाला दिसते, काढ आणि मोकळी हो. गेल्या वर्षी त्यांची स्वतःची दाढ दुखली तेव्हा वांद्र्याचा डॉक्टर, तीन फेऱ्या आणि वर कॅप. काढा असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. माझ्या उजवीकडच्या दोन दाढा गार्गीच्या बाळंतपणात अशाच मोकळं होण्यात गेल्या. आता मी चावते ती या एकाच बाजूनं. ही गेली की पोळी आमटीत भिजवून खायची. आणि मला अजून पन्नाशी लागलेली नाही.

पैशाचा प्रश्न नाही, माझा पगार आहे. पण घरातली तोंडं वाकडी होत असताना तीन फेऱ्या मारायचं बळ एकटीला नाही रे. रविवारी ये. चहा घे आणि सुबोधशी शांतपणे दोन शब्द बोल. ते फक्त तुझं ऐकतात. मीरावहिनींना नमस्कार.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
क्षमा

अंधेरी,
१ ऑगस्ट २०२४

चि. सौ. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा उभं राहून. तुझी वहिनी म्हणते, भिंतीशी बोलत होतो.

पुरुषाची दाढ दुखली की ती दुरुस्त करायची, बाईची दुखली की उपटायची, हा कायदा कोणी केला? घरातलं अन्न कमी पडलं की बाईच्या ताटातलं कमी होतं, हे मी तीस वर्षं बोलत आलो. आता ते अन्न चावायचं हत्यारही काढून घ्यायचं! सुबोध वाईट माणूस नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त चीड येते. वाईट माणसाशी भांडता येतं. जो सहज, चहा ढवळता ढवळता काढून टाक म्हणतो, त्याच्याशी कसं भांडायचं?

तू कोणाची परवानगी मागू नकोस. उद्याच जा. या रविवारी साकीनाक्याला कामगारांची बैठक आहे, पुढच्या रविवारी नक्की येतो.

तुझ्या पाठीशी उभा असलेला,
देवव्रतदादा

मुलुंड पूर्व,
९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गेले बाबा एकदाची! काल बँकेतून परस्पर गेले. इंजेक्शननं अर्धा चेहरा परक्याचा झाला. मग सुईसारख्या बारीक कानशींनी दाढेची मुळं आतून साफ केली, औषध भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. ठणका थांबलाय. पहिल्यांदा सलग झोपले.

डॉक्टरांनी बजावलंय, दुखत नाही म्हणून दाढ बरी झाली असं समजू नका. आतून कायमची भरून वर कॅप बसेपर्यंत ती अर्धवटच. पुढची फेरी शनिवारी, १७ तारखेला. तोवर त्या बाजूनं चावायचं नाही, आणि दुसरी बाजू तर मला नाहीच. सध्या मऊ भात.

घरी सांगितलं. सुबोध रागावले नाहीत, नुसतं बरं म्हणाले. आता खरी गरज आहे तुझी. परवा ये. अळूवड्या करते, मला चावता येणार नाहीत पण बघेन.

लोभ आहे म्हणून हट्ट करणारी,
क्षमा

अंधेरी,
१३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

शाब्बास गं! रविवारी येणं जमलं नाही, घाटकोपरला महिला मेळाव्यात ऐन वेळी माझं भाषण ठरलं. पण तू तिथे होतीस. तीनशे बायकांना मी तुझी दाढ सांगितली. नाव घेतलं नाही, मुलुंडची माझी धाकटी बहीण एवढंच म्हणालो. नवऱ्याची दाढ, बायकोची दाढ, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, तिनं ती दाढ वाचवली! सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. एक म्हातारी बाई पदर तोंडाला लावून रडली.

संयोजकांनी चित्रफीत सगळीकडे पाठवली आहे. पुढच्या महिन्यात बोरिवलीला बोलावलंय. बायका विचारतात, पुढे काय झालं? सविस्तर कळव.

तुझा अभिमान वाटणारा,
दादा

मुलुंड पूर्व,
४ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सविस्तर कळवते.

तुझी चित्रफीत १४ तारखेला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली. तुला बहिणी किती आहेत रे? एकच. लिफ्टमध्ये सुबोधना कोणीतरी विचारलं, कॅप कशी आहे? ते हसले. घरी जेवताना एवढंच म्हणाले, की शनिवारी सत्यनारायण ठेवलाय, चाळीस माणसं आहेत. शनिवारी माझी फेरी आहे म्हटलं, तर म्हणाले, मी कोण सांगणारा, तुझ्या भावाला विचार. तेव्हापासून मी मीठ मागितलं तरी हेच उत्तर. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्याकडे सुनेला चावूसुद्धा देत नाहीत हो.

त्या शनिवारी मी शिरा ढवळला. पुढच्या शनिवारी कोणी अडवलं नव्हतं. मीच गेले नाही. ठणका नव्हता, आणि दाढ हा शब्द पुन्हा त्या घरात काढायची ताकद नव्हती. हा दोष माझा, तो मी कोणावर ढकलत नाही. ३१ तारखेला सिमेंट निघालं आणि पोळीच्या घासाला दाढ उभी चिरली. परवा काढली. डॉ. प्रांजल रागावल्या नाहीत. वेळेवर आला असतात तर वाचली असती एवढंच म्हणाल्या, आणि कापूस दाबून धरायला सांगितला.

तुझं भाषण मी काल पूर्ण ऐकलं. चांगलं आहे. एक शब्द खोटा नाही, शेवटचा सोडून.

बोरिवलीला जरूर सांग. पण सगळं सांग. तिनं भावाला भाषणाला बोलावलं नव्हतं, चहाला बोलावलं होतं. एका माणसाशी शांतपणे दोन शब्द बोलायचे होते. घाटकोपरहून मुलुंड वीस मिनिटांवर आहे. तो तीनशे बायकांशी बोलला आणि घरी गेला.

मग बघ, किती टाळ्या पडतात.

तुझी धाकटी बहीण,
क्षमा