डिस्कमधला किल्लेदार

९ मार्च, रविवार
मंडळाचे सेक्रेटरी विद्याधर यांचा फोन. पाडव्याला जुन्या नाटकांची झलक दाखवणार आहेत. १९९४च्या नाटकातलं माझं किल्लेदाराचं स्वगत आहे का, असं विचारलं. आहे का म्हणजे काय! चौदा मिनिटं, एका दमात! बेंगळुरूच्या मराठी रंगभूमीवर तसं काही पुन्हा झालं नाही, हे मीच कितीतरी वेळा सांगितलंय. व्हिडिओ कॅसेटवरून हार्ड डिस्कवर घेऊन ठेवलं आहे. कॅसेट गेल्या दिवाळीत भंगारात दिली. उद्या पाच मिनिटांत पाठवतो.

१० मार्च
डिस्क लावली. टक् टक् टक्. काही दिसत नाही. केबल खराब.
संध्याकाळी नवी केबल आणली. टक् टक् टक्. हीसुद्धा खराब निघाली. हल्ली मालाला दर्जाच नाही.

११ मार्च
व्हाइटफील्डला अमृताला सहज फोन केला. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये असल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. ती म्हणाली, बाबा, डिस्क बंद करा, परत लावू नका, आणि बॅकअप कुठाय? मी अडतीस वर्षं सरकारी कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलं, आणि ही मला बॅकअप शिकवते! 'महत्त्वाचं' नावाचा फोल्डर आहे, त्याची तंतोतंत कॉपी 'महत्त्वाचं २' आहे. कॉपी कुठे ठेवलीय, म्हणाली. त्याच डिस्कवर, म्हटलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१३ मार्च, सकाळी ६.१०
संकल्प : आठवडाभर डिस्कला हात लावायचा नाही.
६.४०. फक्त एकदा लावून पाहिली.
अकरापर्यंत एकूण नऊ वेळा.

१५ मार्च
इंटरनेटवर उपाय सापडला. फ्रीझरमध्ये ठेवायची. कारण मला लगेच कळलं, आकुंचन. पिशवीत घालून मटारांशेजारी ठेवली.

१६ मार्च
डिस्कला पाणी सुटलं होतं. हेअर ड्रायरने वाळवून लावली. टक् टक् पूर्ण बंद! चांगली सुधारणा आहे. दिसत मात्र अजून काही नाही.
सुलभा म्हणाली, राहू द्या ना आता ते स्वगत, एखादा फोटो द्या विद्याधरना. संसाराला चाळीस वर्षं होत आली, तरी हिला नवऱ्याचं कौतुक सहन होत नाही. मी तिला मनातल्या मनात माफ केलं. मोठेपणा कुणीतरी घ्यावाच लागतो.

१८ मार्च
डिस्क घेऊन चामराजपेटला. तिथला वादिराज बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देतो. घराणं तीनशे वर्षं इथलंच, त्यामुळे मराठी कन्नडच्या चालीवर. मी त्याची दोन वाक्यं सुधारली. त्याने विचारलं, अण्णा, फ्रीझरमध्ये ठेवलात काय हे? मी ठाम नाही म्हटलं. त्याने चिमट्याने केबलच्या खाचेतून मटाराचं साल काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, सरी (म्हणजे बरं), स्वल्प कठीण आहे, बघतो. माणूस हुशार आहे, पण फार खोलात शिरतो.

२७ मार्च
मिळालं! बाकी सगळं गेलं, पण किल्लेदार वाचला! चौदापैकी अकरा मिनिटं. शेवटची तीन कायमची गेली. वादिराज म्हणाला, आवाज क्लिअर आहे, अक्कांचा तर फारच छान. कोण अक्का? नाटकात राणी होती, तिचा असेल. आधी एकदा बघून घ्या, असंही म्हणाला. मी म्हटलं, बघायचं ते रसिकांबरोबर. पेनड्राइव्ह परस्पर विद्याधरकडे पाठवायला सांगितला.
सुलभा पोळ्या लाटत होती. ऐकल्यावर लाटणं थांबलं. म्हणाली, रविवारी मला बरं वाटणार नाही बहुतेक. मी म्हटलं, पहिल्या रांगेत बसायचंय.

३० मार्च, गुढीपाडवा
पडद्यावर मी. मिशा, तलवार, सगळं. मोबाइलवर शूट करायला घेतलं.
कॅमेरा त्या वेळी विंगेत, प्रॉम्प्टरच्या खुर्चीला लागून होता. हे माझ्या लक्षात नव्हतं. प्रॉम्प्टर सुलभा होती. तेही नव्हतं म्हणू या.
प्रत्येक वाक्य आधी तिचं, मग माझं. चौथ्या मिनिटाला मी नुसत्याच येरझाऱ्या घालतोय आणि ती तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगतेय. लोक खो खो हसले. मग हळूहळू थांबले, कारण ती फार सुंदर म्हणत होती. अकरा मिनिटं संपली, पडदा काळा झाला, तशी मागून कुणीतरी ओरडलं की वहिनी, पुढचं? विद्याधरने तिला स्टेजवर नेलं. मी मोबाइल खिशात घातला.
तिने उरलेली तीन मिनिटं म्हटली. हातात कागद नाही. एकतीस वर्षांनी.
सभागृह उभं राहिलं. मीही राहिलो, जरा उशिरा.
ऑटोत तिला विचारलं, मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होतो, तू कधी बोलली कशी नाहीस? म्हणाली, सांगताना तुम्हाला किती आनंद व्हायचा. मला लाज वाटली. खरंच वाटली. घरी येऊन हे लिहायला बसलो.
आत्ताच अमृताचा फोन आला. आईची तीन मिनिटं ताबडतोब पाठवा, म्हणाली.
मोबाइलमध्ये फक्त माझी अकरा आहेत.