तुडवलेला तळ

९ ऑक्टोबर

बादल्या कमी पडल्या. मग घमेली आणली, दुधाच्या किटल्या, कुणाच्या तरी बाळाचा आंघोळीचा टब. गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही हातांनी मासे उचलत होतो. भरलं भांडं की खालच्या विहिरीत नेऊन ओतायचं. मास्तर काठावरून ओरडत होते — लहान आधी, लहान आधी! निवृत्त झाले तरी त्यांना सगळीकडे वर्गच दिसतो.

माळावरचं तळं रिकामं झालं. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत. काठोकाठ भरलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

तीनदा हात धुतले. वास जात नाही.

१० ऑक्टोबर

सकाळी पुन्हा वर जाऊन आले. वाटलं, पाणी परत आलं असेल. काय वाटेल ते वाटतं माणसाला! लव्हाळं तसंच उभं आहे, खाली नुसता चिखल. एक बगळा मधोमध उभा होता. बराच वेळ हललाच नाही.

११ ऑक्टोबर

समितीची बैठक. खोऱ्याचं रक्षण करणारी समिती — मास्तर अध्यक्ष, मी सचिव, आणि रक्षण करायचं ते तळंच गायब. एकजण म्हणाला, कुणीतरी पंप लावला. दुसरा म्हणाला, पलीकडच्या खाणीत सुरुंग लावतात, त्याने जमीन फाटली. तळ्यावर समितीने ठेवलेल्या रखवालदाराला सगळ्यांनी फैलावर घेतलं. आपला डोळा लागला नव्हता, असं तो बिचारा शपथेवर सांगत राहिला. तळं काय कोंबडी आहे, कुणी पिशवीत घालून न्यायला?

गेल्या वर्षीही पाणी लवकर आटलं होतं. तेव्हा आम्ही उन्हाला दोष दिला आणि घरी गेलो.

शहरातून माती तपासणाऱ्या बाईंना बोलावलं आहे.

१४ ऑक्टोबर

बाई आल्या. तरुण आहेत, बोलणं मोजकं. तीन ठिकाणी खड्डे घेतले. तिसऱ्या खड्ड्यात बराच वेळ उकिडव्या बसून राहिल्या. मग विचारलं, "हे तळं बांधलं कुणी?"

कुणी नाही, मी म्हटलं. नैसर्गिक आहे. आमच्या माहितीपत्रकात तसं छापलं आहे.

त्यांनी मला खाली बोलावलं. खड्ड्याच्या कडेला वीतभर जाडीचा राखाडी थर — मळलेल्या कणकेसारखा, घट्ट, गुळगुळीत. त्याच्या खाली नुसती वाळू आणि खडे. वाळूत पाणी कधीच टिकलं नसतं. टिकत होतं ते या थरामुळे. आणि हा थर जनावरांच्या पायांनी झाला आहे. पिढ्यान् पिढ्या गुरं पाण्यात उतरली, डुंबली, चिखल तुडवत राहिली. आता त्यात लव्हाळ्याची मुळं आरपार गेली आहेत. गेल्या उन्हाळ्यात काठ उघडा पडून तडकला. यंदा पाणी भरलं आणि त्या भेगांतून निघून गेलं.

"जनावरं कधी बंद केलीत?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षांपूर्वी, मी म्हटलं.

१५ ऑक्टोबर

आज भात करपवला.

१६ ऑक्टोबर

बंदी कुणावर लादली नव्हती. हे मला लिहून ठेवायचं आहे. पक्ष्यांची अंडी खुरांखाली जात होती, पाणी गढूळ होत होतं, ते खरंच होतं. मी घरोघर गेले, नकाशे दाखवले, प्रत्येकाचं ऐकून घेतलं. मग सभेत सगळ्यांनी बंदीच्या बाजूने हात वर केले. सगळ्यात आधी दादाने. बहीण सांगते म्हणजे विचार करूनच सांगत असेल, असं म्हणाला होता.

अकरा म्हशी होत्या त्याच्या. माळावर दुसरं पाणी नाही. त्याने त्या डोंगरापलीकडच्या गवळ्याला विकल्या आणि गोदामाच्या फाटकावर नोकरी धरली. बाकीच्यांचंही हळूहळू तेच झालं. आता गावात औषधाला खूर नाही. दूध पिशवीतून येतं. माझ्याकडेही.

तळ्याला मारलं कुणी? आम्ही. जपून जपून!

१७ ऑक्टोबर

दादाला सांगितलं. आमची घरं एका भिंतीची, पण तीन दिवस उंबरा ओलांडवेना. तो बूट पुसत होता, कामावर निघाला होता. सगळं शांतपणे ऐकलं. मग हसला. "म्हणजे आम्ही गवंडी होतो तर! आणि आम्हाला वाटायचं, म्हशी लोळतायत."

वहिनी आतून म्हणाली, दोन वर्षं शेणाचा वास नाही म्हणून सुखात होते, आता तेही सोनं होतं म्हणायचं!

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर

तळ दाबून घट्ट करायला मास्तरांच्या भाच्याने रस्त्याचा रोलर आणला. चार हात गेला आणि रुतला. ट्रॅक्टर लावून काढावा लागला. काढताना जो थर शिल्लक होता तोही उचकटला. बघवेना.

२१ ऑक्टोबर

माती तपासणाऱ्या बाईंचा फोन. जनावरांशिवाय इलाज नाही. खूर खोल रुततो, माती मळतो. तेही चिखल ओला आहे तोवरच — आठवडा, फार तर दहा दिवस. एकदा तळ सुकून तडकला, की मग नवीन माती घालूनच तळं बांधावं लागेल. आमच्याच्याने ते कुठलं व्हायला.

मास्तर आणि मी डोंगर ओलांडून गवळ्याकडे गेलो. त्याने बसायला खाट दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "तुमच्या तळ्याला शेण चालत नव्हतं. आता पाय चालतात होय?" मास्तर शाळेतल्या पोरासारखे खाली बघत बसले. शिवाय त्याच्याकडे माणूस नाही. गुराखी पळून गेला आहे. रोज डोंगर ओलांडून जनावरं न्यायची कुणी? आमच्या रखवालदाराला पाठवतो, मी म्हटलं. गवळी म्हणाला, ज्याने हाकललं त्याच्यामागे म्हशी कशा जातील?

बरोबर आहे त्याचं.

२३ ऑक्टोबर

मग तळ आम्हीच तुडवला. सगळं गाव अनवाणी आलं. म्हाताऱ्या लुगडी खोचून उतरल्या. रखवालदाराने गाणं म्हटलं, बेसूर. दुपारपर्यंत कुणाच्या पायात त्राण उरलं नाही. माती तपासणाऱ्या बाई आल्या होत्या; त्यांनी सळई खुपसली, नकारार्थी मान हलवली. माणसाचा पाय पसरट. वरचा चिखल नुसता इकडचा तिकडे झाला.

दादा आला नाही. आज त्याची सुट्टी होती. सगळं गाव आलं, तो आला नाही. मला लागलं ते.

२४ ऑक्टोबर

सकाळी रखवालदाराचा फोन. तळ्यात म्हशी शिरल्यात, हाकलू का? नियम आहे, त्याचं काही चुकलं नाही. मी थांब म्हटलं आणि वर गेले.

अकरा म्हशी चिखलात. मागे दादा, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली. गोदामाची नोकरी सोडली त्याने. काल दिवसभर गवळ्याकडे होता. त्याच्याकडे गुराखी म्हणून राहिला आहे — एके काळच्या आपल्याच म्हशींमागे. रोज त्यांना इथे आणू द्यायचं, एवढीच अट घातली.

जनावरांना मनाईचा आमचा फलक काठावर होता. मी तो उपटायला लागले. हलेना. दादा चिखलातून बाहेर आला आणि त्याने तो दुसऱ्या बाजूने धरला.

"नीट धर," म्हणाला. "पायावर पाडून घेशील."