हितेशच्या नावाने धावले

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
मिळाली एकदाची इंटर्नशिप. बाळकुमचं स्पोर्ट्स सेंटर. पाचशे तास भरले की सर्टिफिकेट, मग नोकरी. आईने विहारात मेणबत्ती लावली. दिवा स्टेशनजवळ आमच्या घरी नळाला चार दिवस पाणी नाही आणि इथे शॉवरला गरम पाणी. सेंटर चालवणारे प्रेम सर हसतमुख आहेत. सफाईच्या शांताबाई गावातल्याच कोळी, मला बाय म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी जवळा-भाकरी खाऊ घातली.

८ फेब्रुवारी, शनिवार
इथली रीत कळली. खेळाडू टेस्टला आला नाही की इंटर्नने छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून ट्रेडमिलवर धावायचं. आपले ठोके त्याच्या फॉर्मवर लिहायचे आणि 'खेळण्यास योग्य' म्हणून सही ठोकायची. आज मी हितेश नावाच्या कबड्डीवाल्यासाठी धावले. हे चालतं का, असं विचारलं तर सर म्हणाले की सगळे असंच शिकतात, तुझेही तास भरतात. डोंबलाचं शिक्षण. तरी सही केली, मला तास हवे होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
हितेश गुडघ्याला पट्टी मारून घ्यायला आलेला. बोलता बोलता म्हणाला, चढाईत छातीत कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सरांना सांगितलं, तर फॉर्म गेला, आता गप्प बस म्हणाले आणि माझी तासांची वही स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली. मस्तकात तिडीक गेली.
संध्याकाळी पट्टा खुंटीला होता, त्याचे ठोके दाखवणारं घड्याळ टेबलावर. घड्याळात आकडा चालू. १४१. १५६. पट्ट्याची बॅटरी काढली. १६३. हितेशला फोन केला तर सराव करून धापा टाकत होता.

१७ फेब्रुवारी
शांताबाईंना घड्याळ दाखवलं. त्यांनी झाडू खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा जयेश असाच 'योग्य' ठरला आणि मैदानात पडला तो उठलाच नाही. त्याच्या नावाने तेव्हाची इंटर्न अंतरा धावलेली. ती त्याच मिनिटाला इथे, या खुर्चीत, बसल्या जागी गेली. ठोके दिलेस ना बाय, आता दोघांचे एकच, असं म्हणाल्या. आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, कामावरून काढलं असतं, घरात सून-नातू आहेत. मला सगळ्यांचा राग आला. माझाही.

२० फेब्रुवारी
हितेशला सगळं सांगितलं, डॉक्टरकडे चल म्हटलं. तो म्हणाला, ताई, रविवारी फायनलला नोकरी देणारे साहेब येतायत, माझी वाट लावू नकोस, सोमवारी जातो. मी भांडले, ओरडले. तेवढ्यात तो छाती धरून खाली बसला.
मी चिडले की त्याला होतं.

२२ फेब्रुवारी
आयोजकांना लिहून दिलं, फॉर्म खोटा, सही माझी. हसले. उद्याचे प्रमुख पाहुणे म्हणे प्रेम सरच.
चिडायचं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत चिडायचं नाही.

२३ फेब्रुवारी, मैदान
४.१०. हितेश चढाईला. घड्याळात १५८. मोजून श्वास घेतेय. लिहिलं की बरं वाटतं.
४.१६. १४०. उतरतोय. हितेश माझ्याकडे बघून हसला. जमेल. चारच मिनिटं —
४.१८. स्टेजवर सरांना शाल. माईकवर सांगतायत, खेळाडूंना पोटच्या पोरासारखं जपणारा माणूस. सर मला हात करून बोलावतायत — हातात माझी वही — सर्टिफिकेट, सगळ्यांसमोर — टाळ्या —
१७९
शांत राहा प्राप्ती, शांत — या हरामखो —
२०६. हितेश एकटा, सात जणांत — कबड्डी कबड्डी ऐकू येतंय — माझ्याच तोंडून — थांबवता येत नाही — दम