उजव्या पायाचा गिअर

टिमारू, न्यूझीलंड
११ मार्च १९८४

चि. एव्हिस हिस,
थोरल्या भावाचे पोतंभर आशीर्वाद.

हे पत्र उभ्यानंच लिहितोय, बसवतच नाहीये. तिकीट काढलं. १९ मेला मी तुझ्या दारात उभा असेन. मर्ल यायला तयार नाही. म्हणाली, बहीणभाऊ अठ्ठावीस वर्षांनी भेटताय, मधे बायको कशाला.

आता खरी गोष्ट ऐक. माझ्या शेडमध्ये नऊ जुन्या मोटारसायकली झाल्या. सगळ्या आपल्या इंग्लंडच्या, एकही १९६० नंतरची नाही. गालिच्यावर ओळीनं उभ्या आहेत. मागच्या महिन्यात काळ्या पाचशे सीसीवालीला क्राइस्टचर्चच्या प्रदर्शनात करंडक मिळाला. परीक्षकानं पांढरा हातमोजा घालून इंजिनाखालून बोट फिरवलं, मोजा पांढराच राहिला. तू म्हणशील, जन्मभर जपानी गाड्या विकून पोट भरलं आणि म्हातारपणी हे डोहाळे कुठून लागले. खरं आहे. या गावातल्या लोकांना जुन्या गाड्या मोडीत काढायला मीच लावलं आणि आता त्याच शोधत शेतकऱ्यांचे गोठे धुंडाळतो. पण रस्त्यावर आता एक दिसत नाही गं. गेल्या अख्ख्या वर्षात एकच दिसली, तीही ट्रेलरवर बांधलेली.

गालिच्यावर दहाव्या जागी मी खडूनं चौकोन आखलाय. ती जागा आपल्या म्हातारीची, माझ्या त्या जुन्या गाडीची. १९५६ साली बोटीवर चढताना मी तुला म्हणालो होतो, मी मागवीपर्यंत गाडी सांभाळ. तेव्हापासून दर नाताळच्या पत्रात तू न चुकता लिहितेस की म्हातारी उत्तम आहे. तुझे उपकार कसे फेडू? आता मी मागवतोय. येईन तेव्हा घेऊनच जाईन. तोवर तिच्यावरची चादर कुणाला काढू देऊ नकोस.

लोभ आहे तेवढा असू दे, आणि टाकीला ओला हात लावू नकोस.
तुझा,
लेन

ब्रिजनॉर्थ, श्रॉपशर
२५ मार्च १९८४

ती. लेन यास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि. दोनच वर्षांनी मोठा आहेस, पण आज जरा भीती वाटतेय म्हणून 'ती.' लिहिलं.

तुझं पत्र पोस्टमननं मला गॅस्केलबाईंच्या अंगणात आणून दिलं. मी तेव्हा त्यांच्या छपरावर धुराड्यात ब्रश घालून बसले होते. तू येणार हे वाचून एवढ्या मोठ्यानं ओरडले, की बाईंना वाटलं मी पडले.

पण लेन, कुठली चादर? बाबा गेले तेव्हापासून, म्हणजे एकसष्ट सालापासून, त्यांची धुराड्यांची कामं मी करते हे तुला ठाऊक आहे. ब्रश आणि शिडी काय मी डोक्यावरून नेते, असं तुला वाटलं? म्हातारीच्या साइडकारचा बसायचा पाळणा काढून तिथे लाकडी पेटी बसवली आहे. ती रोज सकाळी सातला निघते. गेल्या तेवीस वर्षांत फ्लू आणि नाताळ सोडले तर एक दिवस घरी राहिलेली नाही. 'उत्तम आहे' हे मी खरंच लिहीत होते. टाकीचा रंग विचारशील तर पुढच्या दाराला लावून उरला होता तो लावलाय, हिरवा. खालून तेल गळतं, त्याला मी लोण्याचा डबा लावते.

मोटारीच्या परीक्षेत मी चारदा नापास झाले आहे. शेवटच्या वेळी परीक्षक मधेच उतरून चालत गेला. मला येते ती हीच एक गाडी.

तरीही गाडी तुझी. कागद तुझ्या नावाचे आणि शब्द मी दिलेला. ने. फक्त २६ मेनंतर ने. त्या दिवशी प्रॉसर बेकरीवाल्याच्या ग्लेनिसचं लग्न आहे. चर्चच्या दाराशी धुराडंवाली काजळी लावायला आली नाही तर नवरीला शकुन नाही, आणि ग्लेनिसला मी म्हातारीवरूनच यायला हवी आहे. आजवर एकतीस नवरींना मी काजळी लावली आहे. एकही माहेरी परतलेली नाही.

राग आला असेल तर इथे येऊन काढ, पत्रात काढू नकोस. लोभात खंड नसावा.
तुझी,
एव्हिस

ब्रिजनॉर्थ
२७ मे १९८४

प्रिय मर्ल,
स. न. वि. वि. पत्रास कारण की मी जिवंत आहे. भुवईला तीन टाके आहेत. बाकी जे मोडलं ते माझं नाही. म्हणजे माझंच, पण सांगतो.

पहिले दोन दिवस मी एव्हिसशी धड बोललो नाही. त्या हिरव्या टाकीचा राग. मग काल लग्नाला निघताना हट्ट धरला, की गाडी माझी आहे, आजची शेवटची फेरी मी मारणार. एव्हिस मागे बसली, तोंडाला काजळी फासून, हातात मोठा ब्रश भाल्यासारखा धरून. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मर्ल, तो आवाज! नऊ गाड्या आहेत माझ्याकडे, प्रत्येकीचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे, आणि एकीचाही आवाज मी ऐकलेला नाही. टाक्या कोरड्या ठेवतो ना मी, रंग खराब होऊ नये म्हणून. साठीच्या वयात मी रस्त्यानं गाणं म्हणत चाललो होतो. वाटेत माणसं फाटकांशी येऊन हात करत होती. मला वाटलं, एव्हिसला करताहेत. एव्हिस म्हणाली, म्हातारीला.

चर्च उताराच्या तळाशी आहे. खाली सगळं वऱ्हाड उभं. एव्हिस कानात ओरडत होती, उजवा पाय गिअरचा, ब्रेक डावा. मला हे तिच्याआधीपासून माहीत आहे. पण पायाला कुठे माहीत होतं? वीस-बावीस वर्षं जपानी गाड्या चालवल्या आणि विकल्या, शेकडो लोकांना माझ्याच तोंडानं शिकवलं की ब्रेक उजव्या पायाशी. ऐन वेळी पायानं माझंच ऐकलं. ब्रेक म्हणून दणकन दाबला आणि लागला चौथा गिअर. म्हातारी मोकळी सुटली. पाद्री एका बाजूला, ऑर्गनवाल्या बाई दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही चर्चच्या फाटकाच्या दगडी खांबावर. पेटी फुटली आणि काजळीचं पोतं उडालं. नवऱ्याच्या आईची जांभळी टोपी काळी झाली. नवरी हसून हसून जमिनीवर बसली. सगळे म्हणाले, एवढा शकुन आजवर कुठल्याच लग्नात झाला नाही.

एव्हिसला खरचटलंदेखील नाही. पण उजव्या बाजूला खांब लागला आणि गिअरबॉक्सचं कवच चिरलं, आतली दोन दातेरी चाकंही गेली. एव्हिसनं आधी ग्लेनिसच्या गालाला काजळीचं बोट लावलं, तिला जवळ घेतलं, मग गाडीपाशी गुडघ्यावर बसून खाली सांडलेलं तेल रुमालानं पुसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी आणत नाही. मी एकटाच येतोय. लोभ थोडा जास्तच ठेव, सध्या गरज आहे.
तुझा,
लेन

ब्रिजनॉर्थ
२९ जुलै १९८४

प्रिय लेन,
स. न. वि. वि. तू सुखरूप पोचलास, टाके निघाले, वाचून बरं वाटलं. माफी मागणं आता बंद कर, पत्रातली अर्धी जागा त्यातच जाते.

गिअरबॉक्स मिळत नाही. मिळत नाही म्हणजे नाहीत असं नव्हे, पुष्कळ आहेत. लडलोच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे चिटणीस आहेत, त्यांच्या माळ्यावर तीन आहेत, बाळंत्यात गुंडाळावेत तसे टॉवेलात गुंडाळलेले. त्यांनी मला चहा दिला, केक दिला, तिन्ही उघडून दाखवले आणि परत गुंडाळले. म्हणाले, कधी लागेल सांगता येत नाही. मी म्हटलं, मला आत्ता लागतोय. तर म्हणाले, त्यांच्या स्वतःच्या गाडीला लागला तर? ती शेवटची कधी चालवली म्हणून विचारलं, तर एकाहत्तर साली. मला आजवर वाटायचं, या गाड्या संपल्या म्हणून दिसत नाहीत. तसं नाहीये. लोकांचा जीव जडलाय म्हणून दिसत नाहीत.

सप्टेंबरपासून धुराड्यांचा हंगाम. एकशे चाळीस घरं आहेत. परवा ब्रश घेऊन बसनं जाऊन पाहिलं. ड्रायव्हरनं काजळी बघून चढूच दिलं नाही. पायी चाललं तर दिवसाला दोन घरं होतात आणि तिसऱ्याला कंबर धरते. दोन घरांवर माझं भागत नाही, तुला खोटं कशाला सांगू.

त्यात एका संग्रहालयाची माणसं येऊन गेली. गाडी मोडकी चालेल म्हणाले, उलट बरी. तिच्या शेजारी मेणाची धुराडंवाली उभी करणार आहेत. पुतळ्याला घालायला तुमचे जुने कपडे द्याल का, असंही विचारलं, फार अदबीनं. मी हसले, पण रात्री झोप लागली नाही.

त्यांना सप्टेंबरअखेर उत्तर द्यायचंय. गाडी तुझी आहे, तूच सांग काय कळवू. काहीही ठरव, लोभ त्याच्यावर अवलंबून नाही.
तुझी,
एव्हिस

टिमारू
१९ ऑगस्ट १९८४

प्रिय एव्हिस,
वहिनीचा स. न. वि. वि. हे पत्र लेनला न सांगता लिहितेय, कारण तो लिहील तेव्हा निम्मं गाळेल.

तुझं पत्र त्यानं तीनदा वाचलं. मटण तसंच ताटात टाकून शेडमध्ये गेला. शेडमधला तो गालिचा मूळचा माझ्या दिवाणखान्यातला, हे तुला ठाऊक असावं म्हणून सांगते. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी जाऊन बघितलं, तर आपला प्रत्येक गाडीपुढे उभा राहतोय, शाळेतल्या हेडमास्तरासारखा. म्हातारीसारखा गिअरबॉक्स नवांत एकाच गाडीला आहे. काळ्या पाचशेला, करंडकवालीला.

शनिवारी त्यानं ती खोलायला घेतली. बातमी कशी फुटली कोण जाणे, क्लबातले चौघे धावत आले. अंत्ययात्रेला यावं तसे ओळीनं उभे राहिले, एकानं तर टोपी काढली. नॉरी म्हणून त्याचा जिवलग मित्र आहे, तो कळवळून सांगत होता, की नंबरानं नंबर जुळणारी अशी गाडी अख्ख्या दक्षिण बेटात दुसरी नाही, एकदा फोडलीस तर तिला काडीची किंमत राहणार नाही, हे पाप आहे. लेन पाना फिरवत राहिला. शेवटी मान वर न करता म्हणाला:

"हिला करंडक मिळालाय नॉरी, पण हिनं आजवर पाव लिटर दूधसुद्धा घरी आणलेलं नाही."

 नॉरीनंच वाकून कंदील धरला.

आता काळीच्या पोटात हे एवढं भोक आहे. लेन जाता येता बघतो आणि शीळ घालतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, याला एवढ्या खुशीत मी पाहिलेलं नाही. गिअरबॉक्स विमानानं निघालाय, त्याच खोक्यात म्हातारीचे कागदही आहेत. त्यानं सही करून गाडी तुझ्या नावावर केली आहे. पुतळ्याला कपडे देऊ नकोस, तुलाच लागतील.

नणंद-भावजयीनं एकमेकींना अजून पाहिलेलं नाही, तेवढ्यासाठी तरी लोभ राखून ठेव.
तुझी,
मर्ल

ब्रिजनॉर्थ
२३ सप्टेंबर १९८४

ती. लेन यास,
सा. न. वि. वि. आणि या वेळी 'ती.' भीतीनं नाही.

चालू झाली! गुरुवारी खोकं आलं. शुक्रवारी आणि शनिवारी मी आणि ग्लेनिसचा नवरा मिळून गिअरबॉक्स बसवला. मधे एकदा उलटा लावला, पुन्हा काढला. तुझा तो गिअरबॉक्स इतका चकचकीत आहे, की त्यात बघून मी केस नीट केले. तिसऱ्या किकला म्हातारीनं आधी ढगभर धूर सोडला आणि मग जो सूर धरला, की शेजारचे प्रॉसर हात पिठाचे घेऊन बाहेर आले. मी रडले, लपवत नाही. मग त्यांनाच मागे बसवून पुलापर्यंत जाऊन आले. चारही गिअर लोण्यासारखे पडतात.

येताना लडलोवाले चिटणीस मोटारीतून जाताना दिसले. त्यांनी मोटार थांबवली, उतरले, गिअरबॉक्सकडे बघत राहिले. तुझ्या काळीची हकीकत त्यांना सांगितली, तर घाम पुसायला लागले. मग घाईनं मोटारीत बसून गेले.

संग्रहालयाला कळवलं, की गाडी कामावर आहे आणि कपडे अंगावर आहेत.

आता कागदांचं. लेन, तुझी सही मी बराच वेळ बघत बसले. पण कागद याच पाकिटातून परत पाठवतेय, सही खोडून. अरे, तू, ते चिटणीस, कोणी वाईट माणसं नाहीत. गाडी आपली झाली की माणसाला वाटायला लागतं, पावसात नको, काजळीत नको, आज नको, उद्या बघू. मलाही वाटेल. मी काही कुणी निराळी नाही. तेवीस वर्षांत मला तसं कधी वाटलं नाही, कारण ती माझी नव्हती, मला नुसती वापरायला मिळाली होती. म्हणून नाव तुझंच राहू दे. मी उद्या सकाळी सातला निघतेय. तीन धुराडी आहेत आणि पाऊस सांगितलाय.

मर्लला माझा नमस्कार. तुमचा दोघांचा लोभ मला पुरून उरतोय, तो असाच येत राहो.
तुझी,
एव्हिस